पोराला काय लावावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

विदर्भातल्या शाळा उघडायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. त्याआधीच्या महिनाभरात घरोघरी एकच विषय असतो, यंदा पोराला कोणता क्लास लावायचा. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलच आहेत. नावं न छापता पत्रांतला मुद्दा थोडक्यात देतो आणि खाली उत्तर.

*मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत जाईल. त्याच्या बाबांना क्रिकेटची अकादमी लावायची आहे, मला अबॅकस. गावात शिकवणारं कोणीच नाही, दोन्ही क्लास तालुक्याला, गावापासून 18 किलोमीटर. क्रिकेटची फी महिन्याला 800 रुपये. मुलाला विचारलं तर रोज वेगळं सांगतो. काय करावं?*
— एक आई, दर्यापूर तालुका

ताई, फीचा विचार नंतर करू. आधी रस्ता मोजा. जाऊन-येऊन 36 किलोमीटर, आठवड्याला तीन दिवस धरले तर महिन्याला 12 फेऱ्या, म्हणजे 432 किलोमीटर. गाडी लिटरमागे 50 देत असली तरी साडेआठ लिटरच्या वर पेट्रोल लागतं. ते फीपेक्षा महाग पडतं. शिवाय पोरगा तासभर खेळतो तोवर नेणारा माणूस तिथंच बसून राहतो. मे महिन्यात हे जमेल असं वाटतं. पण मृग लागला की पेरणी, मग डवरणी-निंदण, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी. दूरच्या क्लासचा पहिला खाडा पेरणीत पडतो. तीन आठवडे न गेलेला मुलगा परत जातो तेव्हा बाकीचे पुढे निघून गेलेले असतात. मग तो घरी येऊन म्हणतो, "मला नाही आवडत." आवड गेलेली नसते, तो मागे पडलेला असतो.

म्हणून आमचा पहिला सल्ला विषयाबद्दल नाही, अंतराबद्दल आहे. आठ वर्षांच्या मुलासाठी गावातल्या गावात, पायी जाण्याइतकं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मित्रासोबत सायकलने तीन-चार किलोमीटर चालतं, मात्र दिवे लागायच्या आत घरी. त्या टप्प्यात मन लावून शिकवणारं माणूस कोण आहे ते शोधा आणि त्याला जे येतं ते मुलाला शिकू द्या. चांगल्या मास्तरकडची लंगडी ही वाईट मास्तरकडच्या क्रिकेटपेक्षा मुलाला जास्त देते.

"गावात कोणीच नाही" असं तुम्ही लिहिलं आहे. एकदा पुन्हा बघा. शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या सरांना विचारा, त्यांचं शिक्षण कुठं झालं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं मल्लखांब आणि आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. तिथून शिकून निघालेले शिक्षक वऱ्हाडात ठिकठिकाणी आहेत. त्यांना खो-खो, कबड्डी, मल्लखांब नीट येतं, पण पालक विचारतच नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे गावच्या रस्त्यावर धावतात. त्यांच्यातला एखादा समजूतदार दादा संध्याकाळी दहा मुलांना घेऊन पळापळीचे खेळ घेऊ शकतो. फक्त त्यांच्याबरोबर 1600 मीटर पळायला किंवा त्यांचा गोळा फेकायला लहान मुलांना लावू नका. आठव्या वर्षी पळणं, उडी, झेल आणि फेक या चार गोष्टी अंगात बसल्या की बाराव्या वर्षी कोणताही खेळ उचलता येतो.

अबॅकसनं तोंडी हिशेब भरभर होतो, हे खरं. पण शाब्दिक उदाहरणात नेमकं काय विचारलं आहे, ते त्यानं कळत नाही. आणि तिसरीतल्या बहुतेक मुलांचं घोडं तिथंच अडतं. शाळा, ट्यूशन आणि वर पुन्हा आकडे, म्हणजे मूल दिवसभर बसूनच राहणार. आमचं मत स्पष्ट आहे, या वयात आधी अंगमेहनतीचं काहीतरी लावा.

बाबांचा क्रिकेटचा आग्रह कायमच असेल तर पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास मैदानाच्या कडेला बसा. सगळ्यात नवख्या, सगळ्यात लहान मुलावर नजर ठेवा आणि त्याच्या हातात चेंडू किंवा बॅट किती वेळा आली ते बोटांवर मोजा. तासात तो चाळीस मिनिटं रांगेत उभा असेल तर तुमचाही उभाच राहणार. एका शिक्षकामागे मुलं किती, लागलं-खुपलं तर मलमपट्टीची पेटी कुठं आहे, पावसात काय घेता, वेचणीच्या महिन्यात मूल आलं नाही तर फीचं काय, हे तिथंच विचारून घ्या. या वयात कातडी चेंडू नको, टेनिसचाच हवा. बॅट मुलाच्या पायाशी उभी टेकवली की तिच्या मुठीचं टोक मांडीच्या सांध्यापाशी यावं. "दोन वर्षं पुरेल" म्हणून मोठी बॅट घेतली की मुलाला ती उचलवत नाही. तो ती आडवी ओढतो आणि ती खोड पुढं मोडता मोडत नाही.

राहिलं मुलाचं रोज वेगळं सांगणं. या वयात तोंडच्या उत्तराला फार धरू नका. पंधरा दिवस नुसतं बघा, कोणी न सांगता तो काय करतो. झाडावर चढतो, की डब्यावर बोटं वाजवतो, की चार पोरं जमवून खेळ ठरवतो? उत्तर त्यातच सापडतं.

*मुलगी आठवीत, शाळेच्या खो-खो संघात आहे. सराव शाळा सुटल्यावर साडेपाच ते साडेसहा आणि आमच्या गावची बस 5.40 ला. सरांना खेळाडू हवी, घरच्यांना ती अंधाराआधी घरी हवी. खेळ सोडवावा का?*
— एक वडील, दारव्हा तालुका

खेळ सोडवू नका, भाऊ. सरावाची वेळ बदलून घ्या. मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस किंवा साधी एसटी, सकाळी ती शाळा भरण्याच्या बरीच आधी पोचते. प्रार्थनेआधीचा पाऊण तास मैदान रिकामं असतं. बाहेरगावच्या सगळ्या मुलींच्या पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना तोच मागा. एकट्यानं मागितलं तर "बघू" म्हणतात, सहा-सात पालक गेले तर वेळापत्रक बदलतं. उन्हाचाही प्रश्न त्यानं सुटतो. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी मैदानावर मुलं नकोतच.

उरलेला सराव अंगणात होतो. जमिनीवर 30 सेंटिमीटरचा चौकोन आखा. त्यात बसून "खो" ऐकताच उठून पाच पावलं पळायचं, असं दहा वेळा, तीन फेऱ्या. खो मिळाल्यावर उठायला लागणारा तो अर्धा क्षण कमी झाला की गडी बाद होऊ लागतात. दोन टोकांना जमिनीपासून 1.2 मीटर उंचीचे बांबू रोवले की खांब झाले. खांबावरचा सूर (झेप) शिकताना पुढं कुटार (भुसा) भरलेली पोती टाका. कोपर आणि हनुवटी सोलत नाही, भीती जाते.

आपल्याकडं खो-खोतल्या दुखापतींचं मूळ जमिनीत आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो, आणि पावसात तीच बुटाला चिकटते. मैदानावर चार बोटं मुरूम, त्यावर चाळलेली लाल माती, पाणी मारून रोलर, एवढं एकदा झालं की दोन-तीन हंगाम निघतात. ट्रॅक्टर-ट्रॉली गावात असतात, शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. घोटा मुरगळलाच तर चोळू नका. थंड पाण्याची पट्टी, क्रेप बँडेज, पाय उशीवर. टेकवताच येत नसेल तर एक्स-रे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती जेवणानंतर घेते का, ते विचारा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मुली गोळी टाकून देतात. गोळीवर लगेच चहा नको. सरावाआधी फुटाणे किंवा गूळ-शेंगदाणे मूठभर. पाळीच्या दिवसांत तिला बरं वाटत असेल तर खेळू द्या, नसेल तर बसू द्या. तो निर्णय तिचा.

आणि वयाचं आजच बघून ठेवा. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला तिला 14 पूर्ण होत असतील तर ती वरच्या गटात जाते. जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदीतली तारीख वेगळी निघाली की नेमकं तालुका स्पर्धेच्या सकाळी मुलगी बाहेर बसते.

*मुलगा दहा वर्षांचा. आजोबांबरोबर रोज सामुदायिक प्रार्थनेला जातो, खंजिरीवर ठेका धरतो. त्याला पेटी घेऊन द्यावी आणि संगीताच्या परीक्षांना बसवावं असं वाटतं. घाई होईल का?*
— एक वडील, तिवसा तालुका

तुमच्या तालुक्यात हा प्रश्न यावा याचा आनंद वाटतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज तिथंच, आणि त्यांच्या खंजिरी भजनांमुळे गावागावांत मंडळं उभी राहिली. आपल्या मुलांसाठी हा फुकट चालणारा, रोजचा, घराजवळचा संगीताचा वर्ग आहे. तो सुटू देऊ नका.

पेटीची घाई मात्र करू नका. आधी सहा महिने लय पक्की होऊ द्या. केहरवा ताल हाताच्या टाळीवर म्हणवून घ्या: धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा, पहिलीला टाळी, पाचवीला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला. मुलांची हटकून होणारी चूक म्हणजे लय चढणं. भजन रंगात आलं की हात पळतो. त्यावर घरातलं भिंतीवरचं घड्याळ कामी येतं. टिकटिकीच्या प्रत्येक ठोक्याला एक मात्रा, पाच मिनिटं न चुकता. कंटाळवाणं आहे, पण याइतका स्वस्त गुरू नाही. खंजिरी हलकी घ्या. मोठ्या माणसाची धरली की मुलाचं मनगट दुखतं आणि तो ती खांद्याला टेकवायला लागतो. पावसाळ्यात कातडं सैल पडलं तर चुलीपासून हातभर लांब शेकायचं, जाळावर धरायचं नाही. घोरपडीचं कातडं म्हणून कोणी विकत असेल तर अजिबात घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, तो गुन्हा होतो. बकरीचं किंवा फायबरचं पान पुरतं.

लय जमली की पेटी. जुनी चालते, पण पारखून घ्या. भाता भरून, अखंड सूर धरणाऱ्या खुंट्या सोडून बाकीच्या सगळ्या ओढा आणि एकही पट्टी न दाबता कान लावा. हवेची सूं सूं किंवा आपोआप सूर ऐकू आला तर हवा गळते आहे. मग एका भात्यात एक सूर किती सेकंद टिकतो ते मोजा आणि दुकानातल्या दुसऱ्या पेटीवर तीच परीक्षा घ्या. खर्जाचा (जाड) आणि नराचा (त्याहून वरचा) स्वर आधी वेगवेगळा, मग एकत्र ऐका. एकत्र वाजवताना सूर थरथरला तर दोन्ही पत्त्या (आतल्या सूर काढणाऱ्या पितळी जिभा) जुळलेल्या नाहीत. एखादी पट्टी मुकी असेल तर बहुतेक वेळा पत्तीखाली धूळ असते. हलकी फुंकर पुरते. ब्लेडनं खरवडलं की सूर कायमचा बदलतो.

आपल्याकडं पेटीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कूलर. एप्रिलच्या कोरड्या हवेनं लाकूड आकसतं, त्याच खोलीत कूलरची ओली हवा लागली की फुगतं. रोजच्या या आकसण्या-फुगण्यानं पट्ट्या अडकतात, भात्याचे सांधे सुटतात. तबल्याचंही तेच, शाई तडकते. कूलर नसलेल्या खोलीत, कपड्यात गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवा. अडकलेली पट्टी सुटावी म्हणून पेटी उन्हात ठेवू नका.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जातात. प्रारंभिकला बसायची घाई नको. भजनातला सूर त्याच्या गळ्यात बसला, शिक्षक ठरला, की पुढच्या वर्षी बसवा.

*एलिमेंटरी, इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसवल्यानं दहावीला गुण मिळतात म्हणतात. खरं का?*
— एक पालक, साकोली तालुका

खरं. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7, ब ला 5, क ला 3 गुण वाढतात. आधी एलिमेंटरी करून घ्या. अर्ज शाळेमार्फतच जातो, त्यामुळे शाळा उघडली की चित्रकलेच्या सरांना लगेच भेटा. सराव घरच्या तांब्या-वांग्यावर होतो. वस्तुचित्रात गुण कुठं जातात ते सांगतो. मुलं तांब्याच्या तोंडाचा लंबगोल दोन्ही बाजूंना टोकदार काढतात आणि बूड सरळ रेघेत. डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचं बूड सरळ दिसत नाही. त्याचा गोलवा तोंडापेक्षा जास्त उघडा असतो. एवढं जमलं तरी चित्र बसतं.

*मुलगी नऊ वर्षांची. चार महिन्यांपासून बुद्धिबळाच्या क्लासला जाते, आता सोडायचं म्हणते. सोडू द्यावं की रेटावं?*
— एक आई, हिंगणघाट तालुका

जुलै 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून अशी पत्रं वाढली आहेत. आनंदच आहे. पण ताई, एक बघा. तुमची मुलगी घरी आपणहून पट मांडून भावाशी खेळते का? खेळत असेल तर खेळ सोडायचा नाही, क्लास बदलायचा. तिथं बहुधा तिला तिच्यापेक्षा मोठ्या मुलांसमोर बसवतात आणि ती रोज हरते. शिक्षक रागावतात, मारतात किंवा कसं तरी वागतात का, हेही एकटीला जवळ घेऊन, शांतपणे विचारा. तसं काही असेल तर उद्यापासून बंद.

नुसता कंटाळा असेल तर फी भरलेला महिना पूर्ण करू द्या आणि मग थांबवा. घरी छोटे डाव खेळा. फक्त आठ प्यादी विरुद्ध आठ प्यादी, ज्याचं आधी पलीकडं पोचेल तो जिंकला. मग राजा आणि हत्तीनं एकट्या राजाला मात देणं. दहा मिनिटांत डाव संपतो, जिंकायला मिळतं. हात लावलेली सोंगटी हलवायचीच, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. दोन-तीन महिन्यांनी तिनं स्वतः विचारलं तर पुन्हा क्लास.

*मुलाला पोहायला शिकवायचं आहे. तलाव जिल्ह्याला. गावातले म्हणतात, वावरातल्या विहिरीत शिकवून टाकू. धोका आहे का?*
— एक आजोबा, कळंब तालुका

आजोबा, धोका आहे, पण पोहता न येण्याचा धोका त्याहून मोठा आहे. शिकवा, पण नीट.

विहीर पायऱ्यांची हवी, जिथून मूल स्वतः चढून येईल. नुसत्या दोरावर उतरायची विहीर नको. वर्षानुवर्षं न वापरलेल्या विहिरीत तर उतरूच नका, तळाशी विषारी हवा साचते. पाण्यात उतरण्याआधी मोटारीचा स्टार्टर बंद आणि फ्यूज काढून खिशात. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. ऑटो-स्टार्टर असेल तर लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते आणि वायर सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. एका मुलामागे पाण्यात एक पोहणारा माणूस, दुसरा पायरीवर दोर धरून. दोर मुलाच्या काखेखालून छातीभोवती, गाठ पक्की, सरकफास नको. पाठीवर पाच-पाच लिटरच्या दोन रिकाम्या कॅन, झाकणं घट्ट.

पहिले दोन दिवस पायरी धरून तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, एवढंच. मग पायरी धरून पाय मारणं. मग पायरीपासून माणसापर्यंत दोन हात अंतर. पुढं एक कॅन काढायची, मग दुसरी. "फेकलं की आपोआप येतं" म्हणणाऱ्याच्या हाती मूल देऊ नका. त्यानं पोहणं येत नाही, पाण्याची दहशत बसते.

कोणी बुडू लागलं तर मागे उडी मारू नका. दोर, बांबू, धोतर, जे हाती येईल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि कोणाला तरी 108 ला फोन करायला सांगा.

आणि पोहायला आलं तरी दोन जागा मुलाला बंदच ठेवा. मुरमाच्या खदानी, कारण पावसात भरल्यावर त्यांची खोली कळत नाही. आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. त्या ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. तुमच्या वावरात शेततळं असेल तर काठावर पक्का खुंट ठोकून, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. चारही बाजूंना एकेक.